सेकंदांचा हिशेब आणि डोक्याचे मोल

२३ जुलै १९८९. ‘तूर द फ्रान्स’ या सायकलशर्यतीचा तो अखेरचा दिवस होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे २४.५ किलोमीटरचे अंतर प्रत्येक स्पर्धकाला एकेकट्याने, घड्याळाशी झुंजत कापायचे होते. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता आणि एवढ्या थोड्या अंतरात ती आघाडी मोडेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या डोक्यावर मागे निमुळते होत गेलेले, लांब शेपटीचे हेल्मेट होते. त्याच्या सायकलच्या हँडलला कोपरे टेकवून पुढे झुकण्यासाठी दांड्या जोडल्या होत्या. या दांड्या ट्रायथलॉनच्या खेळातून आलेल्या. फिन्यों मात्र बोडक्या डोक्याने, केसांची शेपटी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडला २६ मिनिटे ५७ सेकंद लागले, फिन्योंला २७ मिनिटे ५५ सेकंद. तीन आठवडे चाललेल्या, सव्वातीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या शर्यतीचा निकाल अवघ्या ८ सेकंदांनी लागला.

त्या दिवसापासून ‘आठ सेकंद’ हा वायुगतिक हेल्मेटाच्या विक्रीचा मूलमंत्र होऊन बसला आहे. ‘योग्य टोपी घातली असती तर फिन्यों जिंकला असता’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले की ते सिद्ध करण्याची कोणाला गरजच वाटेनाशी झाली. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. फिन्यों त्या दिवशी खोगिराच्या जागी झालेल्या जखमेने बेजार होता. लेमाँडच्या ५८ सेकंदांच्या मिळकतीत हात पुढे घेण्याच्या दांड्यांचा वाटा किती, पायांतील ताकदीचा किती, फिन्योंच्या वेदनेचा किती आणि हेल्मेटाचा किती, हे वेगळे करून दाखविणे शक्य नाही. हेल्मेटाचा काही वाटा होता एवढे मात्र निश्चित. तो किती होता हे सांगता येत नसताना संपूर्ण विजय त्याच्या नावावर मांडणे, ही बाजाराची रीत झाली, विवेकाची नव्हे.

आज ट्रायथलॉनमध्ये उतरू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे, आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूपुढेही, हाच प्रश्न उभा राहतो. साधे हेल्मेट जवळ आहे. वायुगतिक हेल्मेट घ्यावे काय? घ्यावे तर कोणते? प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु एखाद्या वस्तूचे मोल कोण ठरवितो, तिच्याविषयीचे सत्य कोण तपासतो आणि खेळाची दारे कोणासाठी उघडी राहतात, हे तीन मोठे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

वाऱ्याचे गणित

ट्रायथलॉन हा खेळ जन्माने श्रीमंत नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहराच्या मिशन बे भागात तेथील धावपटूंच्या क्लबाने पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे यांची एकत्र शर्यत भरविली. आधुनिक ट्रायथलॉनचा आरंभ तेथून मानला जातो. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटसमूहातील ओआहू बेटावर पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली, तेव्हा अवघे १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॉलर या विजेत्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.१९५ किलोमीटरांची पूर्ण मॅरेथॉन. हे अंतर तेव्हापासून आजतागायत कायम आहे. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तो १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशा आटोपशीर रूपात.

या दोन रूपांत एक महत्त्वाचा भेद आहे आणि हेल्मेट निवडणाऱ्याने तो सर्वांत आधी समजून घेतला पाहिजे. ऑलिंपिकमधील स्पर्धक घोळक्याने सायकल चालवू शकतात. पुढच्याच्या आडोशाने मागचा आपला श्रम वाचवितो. तेथे वाऱ्याशी सामना बव्हंशी सामुदायिक असतो आणि वायुगतिक हेल्मेटाचे महत्त्व त्या मानाने कमी. लांब पल्ल्याच्या शर्यतींत मात्र असा आडोसा घेण्यास मनाई आहे. दोन सायकलींमध्ये ठराविक अंतर राखावे लागते. न राखल्यास दंड होतो. तेथे प्रत्येक जण तासन् तास एकटाच वाऱ्याला तोंड देत असतो. वायुगतिक हेल्मेटाची खरी जागा ही.

वाऱ्याचे गणित कठोर आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो भेदण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची चार-पंचमांशाहून अधिक शक्ती केवळ समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. त्या रोधाचा मोठा वाटा सायकलचा नसतो, सायकलपटूच्या देहाचा असतो. डोके हा त्या देहाचा सर्वांत पुढे असलेला भाग. त्याच्यामागे हवा कशी वळते यावर खांद्यांवरचा आणि पाठीवरचा प्रवाह अवलंबून राहतो.

समजा, एखाद्या हेल्मेटाने एकूण हवेचा रोध तीन टक्क्यांनी कमी केला. मग वेग किती वाढेल? तीन टक्के नव्हे. शक्ती तेवढीच ठेवली तर वेगात एका टक्क्याहून किंचित कमी वाढ होईल. म्हणजे तासाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ‘ही चैन वेगवानांसाठी, हळू जाणाऱ्याला तिचा काय उपयोग?’ असे म्हटले जाते. हिशेब याच्या उलट आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने १८० किलोमीटर जाणारा मनुष्य सात तासांहून अधिक काळ वाऱ्यात असतो. त्याचे तीन ते चार मिनिटे वाचतात. ताशी ४० वेगाने जाणाऱ्याचे अडीच मिनिटांच्या आसपासच वाचतात. तेव्हा वायुगतिक हेल्मेट म्हणजे निव्वळ फॅशन, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. लाभ खरा आहे. वाद आहे तो त्या लाभाच्या मोजमापाबद्दल, त्याच्या किमतीबद्दल आणि त्यासाठी काय पणाला लावायचे याबद्दल.

हेल्मेटाचा पहिला धर्म

हेल्मेट ही मुळात वेगाची वस्तू नाही. ती डोके वाचविण्याची वस्तू आहे. हे सांगावे लागते, कारण सायकलच्या जगाला स्वतःलाच त्याचा दीर्घकाळ विसर पडला होता. घड्याळाविरुद्धच्या शर्यतींत घातल्या जाणाऱ्या कित्येक निमुळत्या टोप्या एके काळी केवळ पातळ प्लॅस्टिकचे कवच होत्या. त्या वारा कापीत; आघात झेलण्याची शक्ती त्यांच्यात जवळजवळ नव्हती. हेल्मेटासारखी दिसणारी परंतु हेल्मेट नसलेली ही वस्तू व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे वापरीत राहिले.

याहून बोचरा इतिहास १९९१ सालचा आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटाची सक्ती करण्याचे ठरविले, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत खुद्द सायकलपटूंनीच विरोधाचे हत्यार उपसले आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. उकाडा होतो, चढावर त्रास होतो, वरून लादलेला नियम आम्हांला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. त्या काळची हेल्मेटे जड आणि कोंदट होती, आणि रस्त्यावर घाम गाळणाऱ्यांना न विचारता त्यांच्या हिताचे निर्णय घेणारी संघटना आपण होऊन अविश्वास ओढवून घेत असते. परंतु श्रम करणाऱ्यांनी आपल्याच सुरक्षेविरुद्ध दिलेला लढा जिंकला, ही त्या घटनेतील शोकांतिका आहे. १९९५ च्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली पिरेनीज पर्वतातील उतारावर पडून मरण पावला. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानच्या आंद्रेई किविलेव्हला डोक्याला मार लागून मृत्यू आला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यानंतर, मे २००३ मध्ये, सक्ती अमलात आली. सुरुवातीला अखेरच्या लांब चढावर हेल्मेट काढण्याची मुभा होती. पुढे तीही गेली. १९९१ मध्ये जे संवादाने घडू शकले असते, ते बारा वर्षांनंतर घडले, आणि दरम्यान त्याची किंमत रस्त्यावर मोजली गेली.

हेल्मेटाने आघात किती झेलला पाहिजे हे आज सार्वजनिक मानकांनी ठरविलेले आहे. युरोपात ‘ईएन १०७८’ हे मानक लागू आहे. कृत्रिम मस्तकावर चढविलेले हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने सपाट पोलादी ऐरणीवर आदळवितात, आणि आतल्या मस्तकाला बसणारा झटका गुरुत्वत्वरणाच्या २५० पटींहून अधिक होता कामा नये, असा दंडक आहे. अमेरिकेत ग्राहक-सुरक्षा आयोगाचे मानक मार्च १९९९ पासून कायद्याने बंधनकारक आहे. तेथे उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट. पट्टे आघातात सुटतात काय, याचीही परीक्षा होते. या नियमांचा अर्थ सरळ आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वीस डॉलरांच्या हेल्मेटाला आणि पाचशे डॉलरांच्या हेल्मेटाला एकाच ऐरणीवर उतरावे लागते.

ही परीक्षा अपुरी आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ती माणसाच्या उंचीवरून पडण्याची परीक्षा आहे, ट्रकने दिलेल्या धडकेची नव्हे. शिवाय पडताना डोके बहुधा तिरपे आदळते व आत मेंदूला पीळ बसतो. सरळ आघाताच्या परीक्षेत हा पीळ मोजला जात नाही. स्वीडनमधील मेंदूचे शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पेटर हालडिन यांनी या पिळाचा अभ्यास करून हेल्मेटाच्या आत किंचित सरकणारा थर बसविण्याची कल्पना पुढे आणली. आज ती ‘मिप्स’ या नावाने पुष्कळ हेल्मेटांत आढळते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची प्रयोगशाळा तिरप्या आघाताच्याही चाचण्या घेऊन २०१८ पासून सायकल-हेल्मेटांचे गुणांकन कोणालाही पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करीत आहे. त्या यादीत माफक किमतीची हेल्मेटे महागड्यांच्या तोडीस तोड, कधी त्यांच्या वरही, बसलेली दिसतात. निष्कर्ष उघड आहे. वाढीव किंमत वेगासाठी, हलकेपणासाठी, हवा खेळण्यासाठी किंवा दिसण्यासाठी असू शकते. ती अधिक सुरक्षेची हमी असतेच असे नाही.

भारतीय ग्राहकाने येथे विशेष सावध राहावे. १ जून २०२१ पासून देशात हेल्मेटावर भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा झाला, तो मोटारसायकल, स्कूटर अशा स्वयंचलित दुचाकींपुरता. सायकलचे हेल्मेट त्या आदेशाच्या कक्षेत नाही. म्हणून हेल्मेट कितीही निमुळते, कितीही झळाळते असो, आतल्या बाजूला युरोपीय वा अमेरिकी मानकाची चिठ्ठी आहे की नाही हे पाहिल्यावाचून पैशाच्या पाकिटाला हात लावू नये.

ज्या आकड्याला साक्षीदार नाही

सुरक्षेच्या आकड्याला कायद्याचा साक्षीदार आहे. वेगाच्या आकड्याला तो नाही. ‘४० किलोमीटरांत इतके सेकंद वाचतात’, ‘आमच्या आधीच्या हेल्मेटापेक्षा इतके टक्के वेगवान’ अशी विधाने उत्पादक करतात. ती खोटीच असतात असे म्हणण्याचे कारण नाही. पण ती कशाच्या तुलनेत आहेत? कोणत्या वेगाला? विंड टनेलमध्ये वारा थेट समोरून सोडला होता की थोडा तिरपा? आत जिवंत माणूस होता की पुतळा? माणूस असेल तर पहिली दोन मिनिटे ताठ बसणारा, की चार तासांनी मान टाकलेला? ही माहिती बहुधा दिली जात नाही. एकच हेल्मेट एका माणसाच्या पाठीवर सुंदर बसते आणि दुसऱ्याच्या पाठीवर ढाल होऊन वारा अडविते. कारण हवा केवळ हेल्मेटाभोवती वाहत नाही. ती हेल्मेट, मान, खांदे आणि पाठ यांच्या एकत्रित आकाराभोवती वाहते. तेव्हा ‘सर्वांत वेगवान हेल्मेट’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. विशिष्ट देहासाठी, विशिष्ट बैठकीत, विशिष्ट रस्त्यावर अधिक बरे हेल्मेट एवढेच असू शकते.

मार्च २०२४ मध्ये इटलीतील तिरेनो-आद्रियातिको शर्यतीत एका बलाढ्य संघाचे खेळाडू डोक्यापेक्षा कितीतरी मोठी, खांद्यांपर्यंत पसरलेली हेल्मेटे घालून अवतरले, तेव्हा जगभर हशा पिकला. आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेटांच्या रचनेविषयीच्या नियमांचा फेरविचार करण्याचे लगोलग जाहीर केले. हसण्याचा भाग सोडला तरी त्या प्रसंगाचा बोध गंभीर आहे. नियम जेथे संपतो तेथून स्पर्धा सुरू होते, आणि ती स्पर्धा खेळाडूंची राहत नाही. विंड टनेलचे भाडे कोण भरू शकतो याची होते.

निवडीचा क्रम

मग ज्याला हेल्मेट घ्यावयाचेच आहे त्याने काय करावे? सहा गोष्टी, आणि त्या याच क्रमाने.

पहिली गोष्ट माप. हेल्मेट कपाळावर सपाट बसावे, पट्टा न लावताही डोके हलविल्यावर ते सरकू नये, पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम बोट शिरावे. सैल हेल्मेट आघाताच्या क्षणी जागेवर नसते. मग त्याच्या आतील फोम कितीही उत्तम असून उपयोग नाही. कंपनीपरत्वे आतला आकार बदलतो. कोणाचे डोके लांबट, कोणाचे गोल. म्हणून न घालता, केवळ चित्र पाहून मागविलेले हेल्मेट हा जुगार ठरतो.

दुसरी गोष्ट बैठक. लांब शेपटीचे हेल्मेट पाठीला टेकले तरच फायदा देते. मान खाली गेली की शेपटी आकाशाकडे उभी राहते आणि वाचविलेले सारे वारा परत घेऊन जातो. आखूड शेपटीचे हेल्मेट अशा चुका अधिक सोसते. याची परीक्षा फुकट होऊ शकते. दोन तास सायकल चालवून झाल्यावर, अंग थकलेले असताना, सहकाऱ्याने बाजूने छायाचित्र घ्यावे. पहिल्या किलोमीटरला सारेच योद्धे दिसतात. खरी बैठक थकव्यात कळते. ज्याची मान दर दोन मिनिटांनी खाली जाते त्याने लांब शेपटीचा मोह सोडावा.

तिसरी गोष्ट उष्मा. ज्या हेल्मेटाला छिद्रे कमी, त्याला वारा कमी अडतो, आणि डोक्यालाही वारा कमी लागतो. युरोपातील गार सकाळी तासाभराच्या शर्यतीत हे चालून जाते. हवाईतील कोना येथे, काळ्या लाव्हाच्या माळावरून जाणाऱ्या तापलेल्या महामार्गावर, ते महागात पडू शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन शर्यत प्रथम झाली. तेथे ९० किलोमीटर सायकलनंतर दमट उन्हात २१ किलोमीटर धावायचे होते. ट्रायथलॉनमध्ये सायकलवरून उतरल्यावर शर्यत संपत नाही. सायकलवर दोन मिनिटे मिळवून, तापलेल्या डोक्याने धावताना दहा मिनिटे गमावणारा मनुष्य हिशेबात तोट्यात असतो. कोकणात, गोव्यात किंवा एप्रिलमधील विदर्भात सराव करणाऱ्याने हवेशीर हेल्मेटाला झुकते माप द्यावे, हेच शहाणपणाचे.

चौथी गोष्ट आडवा वारा. कोना येथील शर्यतीत, विशेषतः हावी गावाकडील रस्त्यावर, बाजूने येणारे झोत इतके प्रबळ असतात की तेथे भरीव तबकडीसारखे मागचे चाक वापरण्यास बंदी आहे. अशा झोतात लांब शेपटीचे हेल्मेट मानेला हिसके देते. मान आखडली की बैठक मोडते, आणि बैठक मोडली की हेल्मेटाचे गणित संपले.

पाचवी गोष्ट ट्रायथलॉनची स्वतःची. पाण्यातून बाहेर आलेल्या स्पर्धकाने सायकल खांबावरून काढण्यापूर्वी हेल्मेट घालून पट्टा लावलेला असला पाहिजे, आणि सायकल परत ठेवीपर्यंत तो सोडता कामा नये, असा नियम आहे. हात ओले, बोटे बधिर, श्वास चढलेला. कान मुडपून घालावे लागणारे अरुंद हेल्मेट आणि न जुमानणारे बक्कल अशा वेळी पंधरा-वीस सेकंद सहज खातात. समोर जोडलेली काच वारा अडविते खरी, पण ओल्या चेहऱ्याच्या वाफेने ती धुरकटते, आणि ती निसटून पडली तर डोळे उघडे पडतात. तेव्हा घरी अंग ओले करून, घड्याळ लावून, हेल्मेट दहा वेळा घालून पाहावे. त्या दहा वेळांत जे उमगते ते कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते.

सहावी गोष्ट किंमत, आणि ती मुद्दामच शेवटी. परदेशी बाजारात वायुगतिक हेल्मेट दोनशे डॉलरांपासून पाचशे डॉलर आणि त्याही वर जाते. भारतात येईपर्यंत त्यावर कर व वाहतूक चढते. तेवढ्या पैशांत महिनोन् महिने पोहण्याच्या तलावाची फी भरता येते, सायकलवरील बैठक जाणकाराकडून नीट बसवून घेता येते, घसरणारे टायर बदलता येतात. देहाची बैठक सुधारून मिळणारा लाभ हेल्मेटाच्या लाभापेक्षा बहुधा मोठा असतो, कारण वाऱ्याला अडविणारा मोठा भाग देहच आहे. ज्याने बैठक नीट केलेली नाही त्याने आधी हेल्मेट घेणे म्हणजे भिंत खचलेली असताना दाराला रंग देणे होय.

तालमीचा धडा

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. ‘ज्याचे पैसे त्याची मर्जी. प्रौढ माणसे आपल्या हौसेसाठी काय विकत घेतात, त्यात इतरांनी का पडावे?’ हौस एकट्याची असती तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. परंतु स्पर्धेत एकाचे मिळविलेले मिनिट हे दुसऱ्याचे गमावलेले स्थान असते. जागतिक स्पर्धेच्या जागा वयोगटांनुसार वाटल्या जातात आणि कित्येकदा एका जागेचा निर्णय मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने होतो. एखादी शाळामास्तरीण पहाटे चारला उठून, नोकरी व घर सांभाळून सराव करते आणि अखेरीस तिची जागा जाते ती पायांमुळे नव्हे, तर जे हेल्मेट विकत घेणे तिला परवडले नाही त्यामुळे. हा खेळातील पराभव नव्हे. आणि यावर ‘तिनेही कर्ज काढून घ्यावे’ हे उत्तरही नव्हे.

उत्तर महाराष्ट्राच्या गावोगावी उभे आहे. तालमीतला हौदा, मल्लखांब, करेल कोणा एकाच्या मालकीचे नसते. श्रीमंताचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच मातीत उतरतात आणि एकाच जोडीने हात कमावतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे सायकलपटूंचे आणि ट्रायथलॉन करणाऱ्यांचे गट आज उभे आहेत. त्यांनी तीन-चार मापांची प्रमाणित वायुगतिक हेल्मेटे सामाईक वर्गणीतून घेऊन ठेवावीत आणि शर्यतीच्या वेळी ज्याला हवे त्याला द्यावीत. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. हेल्मेटातील फोम एकदा आघात झेलून दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि बाहेरून ते नेहमी दिसतही नाही. म्हणून प्रत्येक हेल्मेटाची वही असावी, ते पडले-आपटले तर त्याची नोंद व्हावी, आणि मोठा आघात झालेले हेल्मेट हळहळ न करता मोडीत काढावे. सामाईक वस्तूची काळजी घेणे हे मालकीच्या वस्तूपेक्षा कठीण असते. पण तालमी हे पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत.

असे गट आणखी एक काम करू शकतात. वारा पडलेल्या पहाटे, वाहतूक नसलेल्या एकाच उतारावर, एकाच सायकलवर, एकाच बैठकीत, पायडल न मारता घरंगळत जावे. आधी साधे हेल्मेट, मग वायुगतिक, पुन्हा साधे, पुन्हा वायुगतिक. आणि खाली पोहोचल्यावरचा वेग दर वेळी लिहून ठेवावा. फरक सूक्ष्म असतो, म्हणून दोन-चार फेऱ्यांवर विसंबू नये. तीस-चाळीस फेऱ्या कराव्यात. एवढ्या चिकाटीनेही फरक दिसला नाही, तर त्या माणसासाठी तो फरक विकत घेण्यासारखा नाही, असे खुशाल समजावे.

मात्र गटांच्या प्रयत्नांनी भागणार नाही. हेल्मेटाच्या सुरक्षेला जसे सार्वजनिक मानक मिळाले, तसे वेगाच्या दाव्यांनाही मिळाले पाहिजे. कोणत्या वेगाला, वाऱ्याच्या कोणत्या कोनात, कशाच्या तुलनेत, हे छापल्याशिवाय सेकंदांचा दावा करता येऊ नये. खेळाच्या संघटनांनी आणि शर्यतींच्या आयोजकांनी ही अट घातली तर उत्पादकांना ती नाकारता येणार नाही. आपली बाजारपेठ ते गमावू इच्छिणार नाहीत. १९९१ चा दुसरा धडाही विसरता कामा नये. असे नियम करताना रस्त्यावर घाम गाळणाऱ्यांना मेजाशी बसवावे. त्यांना वगळून केलेला शहाणा नियमही मोडला जातो, हे एकदा सिद्ध झालेले आहे.

लेमाँडच्या त्या आठ सेकंदांची कथा यापुढेही सांगितली जाईल. सांगणाऱ्याने तिच्याबरोबर किविलेव्हचीही सांगावी. एकाने विजय मिळविला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते; दुसऱ्याने प्राण गमावला तेव्हा ते नव्हते. हेल्मेटाचे मोल या दोहोंपैकी कोणत्या प्रसंगावरून ठरवावयाचे, हे एकदा निश्चित झाले की बाजारात उभे राहून निवड करणे फारसे अवघड राहत नाही.